पानं नको, प्रकरणं मोजा
जाडजूड पुस्तक संपवायला 'रोज पन्नास पानं वाचायचीच' असं कुणीतरी सुचवलंय, पण टॉलस्टॉयच्या 'वॉर अँड पीस' या कादंबरीच्या बाबतीत तरी ते जमणं कठीण. एक दिवस हुकला की दुसऱ्या दिवशी शंभर, मग पुस्तक उशाशी नुसतंच पडून. त्यापेक्षा प्रकरणं मोजा. 361 आहेत, पण बहुतेक चार-पाच पानांची. 1865 पासून सुरुवातीचा भाग मासिकातून हप्त्याहप्त्यानेच आला होता. रोज एक वाचलं तरी वर्षात संपतं.

खरी गोची नावांची! अगदी सुरुवातीच्या, आन्ना पाव्हलोव्हनाच्या पार्टीच्या प्रसंगातच बरेच वाचक गळतात. मी बुकमार्कच्या पाठीमागे रोस्तोव, बोल्कोन्स्की, बेझुखोव, कुरागिन अशी घराणी आणि त्यातली माणसं लिहून ठेवली, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. आणि हो, उपसंहाराचा दुसरा भाग म्हणजे इतिहासावरचा निबंधच आहे. कंटाळलात तर खुशाल सोडा, गोष्ट त्याआधीच आटोपलेली असते.