पुन्हा रांग लावायला लावणाऱ्या राइड

उतरल्या उतरल्या परत रांगेकडे पाय वळतात, ते नेमकं कशामुळे? जागा, वेळ, रचना, जे पक्कं ठाऊक असेल ते लिहा.

*

रोलर कोस्टर असेल तर दर फेरीला बसायची रांग बदला. पुढचा डबा माथा ओलांडतो तेव्हा बाकीची गाडी अजून चढावरच असते आणि त्याला मागे धरून ठेवते. पुढच्यांना त्यामुळे उताराच्या तोंडाशी क्षणभर नुसतं लोंबकळायला मिळतं. शेवटचा डबा माथ्यावर पोचेपर्यंत मात्र पुढचं सगळं वजन खाली निघालेलं असतं. मागचे माथ्यावरून खेचलेच जातात, बूड सीटवरून सुटतं. खोपोलीच्या इमॅजिकातली नायट्रो पायाखाली फरशी नसलेली, ५ वेळा उलटी करणारी. तिच्यात पहिल्या रांगेत तंगड्यांखाली रूळ पळताना दिसतो. दोन्हीकडे बसल्याशिवाय ती राइड पुरी होत नाही.

*

वर भर घालतो. सकाळच्या पहिल्या फेरीवरून मत बनवू नका. चाकं आणि बेअरिंगमधलं ग्रीस गार असतं, गाडी आळसावल्यासारखी जाते. दुपारनंतर तीच गाडी मोकळी पळते. भरलेली गाडी रिकामीपेक्षा वेगही जास्त टिकवते.

चाकांचे तीन संच असतात: रुळावर, रुळाच्या बाजूला आणि रुळाखाली. खालच्या संचाच्या भरवशावरच टेकड्या इतक्या टोकदार काढता येतात. हादरे नको असतील तर बरोबर चाकांवर येणारी सीट टाळा. दोन आसांच्या मधली मऊ जाते.

*

लूप, म्हणजे गाडी उलटी करणारा रुळाचा उभा फेरा, नीट बघा, तो गोल नसतो, थेंबासारखा असतो. पूर्ण गोलात शिरताना वळण एकदम सुरू होतं आणि मानेवर अचानक भार येतो. थेंबात तळाशी वळण सैल, वर घट्ट, म्हणून भार हळूहळू चढतो. १९७६ साली कॅलिफोर्नियाच्या मॅजिक माउंटनमध्ये असा लूप आला, अभियंता वेर्नर श्टेंगेल. लागोपाठ चार फेऱ्या मारूनही मान शाबूत राहते, ती या आकारामुळे.

*

काही ठिकाणी राइडच दर वेळी वेगळी निघते. फ्लोरिडातल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कात कॉस्मिक रिवाइंड या कोस्टरवर (२०२२) ६ गाण्यांपैकी कुठलं वाजेल ते आधी कळत नाही. डिस्नेच्याच स्टार टूर्स या अंतराळसफरीच्या राइडमध्ये प्रसंगांची जुळणी बदलत राहते. टॉय स्टोरी मेनिया या डिस्नेच्या राइडमध्ये पडद्यावर नेम धरून गुण मिळतात, आणि मागच्या वेळचे गुण मोडायचे असतात. माझ्या मते यातलं गुणांचं आकर्षण सर्वात जास्त टिकतं.

*

जत्रेतला पाळणाही यात धरा! वेग धरला की माथ्यावर वजन सर्वात हलकं, तळाशी सर्वात जड. उतरताना तोंड पुढे असेल तर जमीन अंगावर येते, पाठ असेल तर पोटात गोळा न सांगता येतो. दुसऱ्या फेरीला समोरच्या बाकावर बसा.

*

लॅप बार, म्हणजे मांडीवर येणारा दांडा, मांडीला टेकला की थांबा, पोटात खुपसू नका. खांद्यावरचे पट्टे असतील तर डोकं मागे टेकवून ठेवा, नाहीतर कान आपटतात. तळाच्या वळणात डोळ्यांपुढे करडं होऊ लागलं तर मांड्या आणि पोट आवळा, श्वास चालू ठेवा. तसं दोनदा झालं तर पाणी प्या आणि अर्धा तास राइड नको.