ऑफसेटटॉपचा आकडा नेमका कुठून मोजला जातो
ऑफसेटटॉप म्हणजे वेबपानावरचा एखादा घटक वरून किती खाली आहे हे सांगणारा जावास्क्रिप्टमधला आकडा. तो पडद्यावर दिसणाऱ्या जागेशी का जुळत नाही, असा प्रश्न आहे. त्याचे कारण असे, की हा आकडा पानाच्या वरच्या कडेपासून नव्हे, तर त्या घटकाच्या ऑफसेटपॅरेंटपासून, म्हणजे सहसा त्याला सामावणाऱ्या, पोझिशन दिलेल्या सर्वांत जवळच्या घटकापासून मोजलेला असतो. मधल्या एखाद्या डिव्हला (इतर घटक सामावणाऱ्या चौकटीला) सीएसएसमध्ये पोझिशन रिलेटिव्ह दिली, की मोजणीचा आरंभबिंदूच बदलतो. शिवाय तो पूर्णांकातच मिळतो आणि घटकाला लावलेला ट्रान्सफॉर्म (घटक सरकवणारा किंवा फिरवणारा सीएसएस नियम) त्यात धरला जात नाही. एखादे बटण ट्रान्सलेटवाय या ट्रान्सफॉर्मने 40 पिक्सेल खाली सरकवून पाहा: ऑफसेटटॉप तेवढाच राहील, पण गेटबाउंडिंगक्लायंटरेक्ट या मेथडमधून मिळणारा टॉप 40ने वाढलेला दिसेल. म्हणूनच दिसणारी जागा हवी असेल तेव्हा माझ्या मते हीच मेथड वापरावी. ती व्ह्यूपोर्टच्या (ब्राउझरमध्ये पानाचा जेवढा भाग दिसतो त्याच्या) वरच्या कडेपासून मोजते, त्यामुळे संपूर्ण पानातली जागा हवी असल्यास विंडोचा स्क्रोलवाय (पान किती स्क्रोल झाले आहे तो आकडा) त्यात मिळवावा लागतो.

मात्र एकाच लूपमध्ये स्टाइल बदलायची आणि लगेच मोजायचे, असे कृपया करू नका. प्रत्येक फेरीत ब्राउझरला लेआउट (घटकांची मांडणी) नव्याने काढावा लागतो आणि यादी मोठी असल्यास पान अडखळू लागते. आधी सगळी मोजमापे वाचून घ्यावीत आणि मगच बदल करावेत.