चिमणीच्या पाइपात आग लागली होती. आता तीच चिमणी परत वापरावी का?

गोडामसाला (डोंबिवली)

शनिवारी संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या चिमणीला आग लागली. कुणालाही इजा नाही, पण अजून गॅस पेटवताना हात थरथरतो. एक निर्णय अडलाय, म्हणून जाणत्यांना विचारते.

दिवाळीचा फराळ चालला होता. सासूबाई चकल्या तळत होत्या, मी शेजारी सोऱ्या भरत होते. कढईच्या काठावरून तेल ओघळून बर्नरवर गेलं आणि एकदम भडका उडाला. चिमणी फुल स्पीडवर होती, तिने ज्वाळा सरळ वर ओढली. सासूबाईंनी गॅस बंद करून पितळेची परात कढईवर पालथी घातली. कढईतली आग तिथेच विझली. मी चिमणीचं बटण बंद केलं, तरी वर पाइपात भुर्रर्र असा आवाज चालूच. फिल्टरच्या कडेने पेटलेले तेलाचे थेंब ओट्यावर पडत होते आणि पडल्यावरही क्षणभर जळत राहायचे. दिरांनी मेन स्विच पाडला, सिलिंडरचा रेग्युलेटर काढला आणि 101 ला फोन केला. जवानांनी येऊन पीओपीचं खोटं छत फोडलं तेव्हा दिसलं, की ॲल्युमिनियमच्या पाइपाची शाफ्टकडची (इमारतीतल्या उभ्या पोकळीकडची) बाजू जळून नुसती जाळी राहिली होती.

काल सर्व्हिसवाला येऊन गेला. म्हणाला, "मोटर चांगली आहे, फिल्टर आणि पाइप बदलून देतो, बिनधास्त वापरा. ऑटोक्लीन आहे ना!" हाच माणूस दरवर्षी सर्व्हिसिंगला येतो, आणि पीओपीच्या वरचा पाइप त्याने कधीही उघडलेला नाही. मग ऑटोक्लीन नेमकं साफ काय करतं? वरच्या मजल्यावरच्या काकूंची चिमणीही त्याच शाफ्टमध्ये सोडलेली आहे. त्यांना मी काय सांगू?

लालबंब (अग्निशमन सेवेतून निवृत्त)

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. परात झाकली आणि पाणी ओतलं नाही, म्हणून घर वाचलं. पेटलेलं तेल साडेतीनशे अंशांच्या घरात असतं. पाणी जड, ते तेलाखाली जातं आणि तिथे त्याची वाफ होते. वाफेला पाण्याच्या सुमारे 1700 पट जागा लागते, त्यामुळे जळतं तेल छतापर्यंत उडतं. झाकणसुद्धा लवकर उचलायचं नसतं. तेल गरम असेपर्यंत हवा मिळाली की ते आपोआप परत पेटतं. आग विझवायचं पावडरचं सिलिंडर वापरायची वेळ आली तर दोन मीटर लांबून मारायचं. जवळून मारलं तर फवाऱ्याच्या जोराने तेल उडतं.

आता तुमचा प्रश्न. ऑटोक्लीनमधली कॉइल पंख्याजवळचं तेल वितळवून खालच्या वाटीत आणते. त्याच्या पुढचा पाइप जसाच्या तसा राहतो. तेलाची वाफ तिथे गार होऊन चिकटते, वळणांवर सगळ्यात जास्त. ज्वाळा तिथवर पोचली की तोच थर जळतो, आणि पंखा चालू असेल तर त्याला वारा मिळतो. मोटर फिरते म्हणजे चिमणी चांगली, असं नसतं. आतली वायर आणि प्लास्टिकचे भाग तापलेले आहेत. माझ्या घरी असती तर मी ती परत लावली नसती.

उत्तरा_नागपूर

ताई, मागच्या वर्षी ओटा बदलताना आमचा पाइप काढला. घड्याघड्यांचा तो लवचीक पाइप असतो ना, त्याच्या प्रत्येक घडीत पाकासारखा घट्ट तपकिरी थर होता. बोट लावलं तर चिकटून तार निघत होती. तेव्हापासून आतून गुळगुळीत, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडी) पत्र्याचा कडक पाइप घातलाय, एकच वळण ठेवलंय आणि त्या वळणाशी उघडता येईल असं झाकण करून घेतलंय. पीव्हीसी कुणी सुचवलं तरी घेऊ नका. स्टीलचे बॅफल (वळलेल्या पट्ट्यांचे) फिल्टर मी धुण्याचा सोडा घातलेल्या कढत पाण्यात भिजवते. तुमची जाळी ॲल्युमिनियमची असेल तर सोडा नको, ती काळी पडते.

सेक्रेटरी_बी_विंग

जळका पाइप फेकण्याआधी फोटो काढा आणि अग्निशमन दलाकडून आगीचा दाखला घ्या. घराचा विमा असेल तर दोन्ही लागतील. शाफ्टचं मात्र सोसायटीला लेखी कळवा. महाराष्ट्राच्या 2006 च्या आग प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला) द्यावा लागतो, पण आमच्याकडे त्या तपासणीत पंप, होज, अलार्म पाहतात. शाफ्टचं दार आम्ही मुद्दाम सांगितलं तेव्हा उघडलं गेलं, आणि आत केबलवाल्यांच्या वायरी तेलाने माखलेल्या निघाल्या.

गोडामसाला

सगळ्यांचे मनापासून आभार. जुनी चिमणी काढायला सांगितली आहे, तोवर खिडकीत एक्झॉस्ट. आज काकूंकडे जाऊन पाइप जळालेल्या जागेचे फोटो दाखवले. त्यांनीही चिमणी बंद ठेवली आहे आणि सोसायटीच्या पत्रावर माझ्यासोबत सही केली. @उत्तरा_नागपूर, ते वळणावरचं झाकण स्क्रूचं आहे की क्लिपचं?