मदत हवी आहे: ट्रेलरची ब्लॅक टँक रिकामी केली तरी सेन्सर 'दोन तृतीयांश' दाखवतो, वासही येतो

माळरान
नमस्कार मंडळी. मुक्काम शिकागोजवळ. २४ फुटी जुना ट्रॅव्हल ट्रेलर घेतला आहे. ब्लॅक टँक (टॉयलेटचा मैला साठवणारी टाकी) ३० गॅलनची, टॉयलेट पायाने पेडल दाबायचं. बाहेरच्या बाजूला 'ब्लॅक टँक फ्लश' लिहिलेला नळजोड आहे.

डंप व्हॉल्व्ह (टाकी रिकामी करायची झडप) उघडला की पाणी भसाभस येतं, पण घट्ट मैला फारसा येत नाही. लगेच पाहिलं तरी सेन्सर दोन तृतीयांशावरच. फ्लश करताना आणि एरवीही वास येतो. आधीच्या मालकांनी ट्रेलर हंगामभर एकाच कॅम्पग्राउंडवर सगळी हुकअप (पाणी, वीज, सांडपाण्याचे जोड) जोडून ठेवला होता.

कुणी म्हणतं ब्लीच ओता, कुणी म्हणतं बर्फ टाकून गाडी चालवा. नेमकं काय करू? शिवाय आम्हाला टॉयलेटला पाण्याचा जेट लावायचा आहे. टाकीला चालेल का?

वाटाड्या
माळरान, 'हंगामभर हुकअपवर' हीच तुमच्या दुखण्याची मुळी दिसते. अशा वेळी बरेच जण ब्लॅक टँकचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवतात. पाणी लगेच वाहून जातं, मैला आणि कागद टॉयलेटच्या बरोबर खाली साठतात आणि वाळून घट्ट ढीग होतो. इथे त्याला पिरॅमिड म्हणतात. पेडल दाबून टॉर्चने आत बघा. थेट खाली तपकिरी उंचवटा दिसला तर निदान पक्कं.

तो फोडायला पाणी आणि वेळ लागतो, जोर नाही. व्हॉल्व्ह बंद करा आणि टॉयलेटमधून टाकी तीन चतुर्थांश भरा, म्हणजे २२-२३ गॅलन. एन्झाइम किंवा जिवाणू असलेलं टँक ट्रीटमेंट बाटलीवरच्या मात्रेच्या दुप्पट घाला आणि दोन-तीन दिवस भिजू द्या. थंडीत जिवाणू सुस्तावतात, म्हणून हे काम उबदार दिवसांतच करा. मग टॉयलेट वाँड घ्या, म्हणजे होजला लावायची, टोकाला फवारे असलेली लांब नळी. ती सोडून ढिगावर सगळ्या बाजूंनी मारा आणि डंप करा. टॉयलेट टाकीच्या थेट वर नसेल तर सरळ वाँड अडेल, लवचिक घ्या. एका फेरीत सगळं निघेल अशी अपेक्षा नको. उकळतं पाणी ओतू नका, टाकी आणि पाइप प्लास्टिकचे असतात. नळाचं गरम पाणी पुरे.

भिजवलेल्या टाकीसह थोडं अंतर चालवलं तर पाणी हिंदकळून फायदा होतो, पण वजनाचं भान ठेवा. गॅलनभर पाणी ८.३ पौंडांचं, म्हणजे २२ गॅलनचे १८० पौंडांच्या वर होतात. टाकी अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर हिचवरचा (ओढणाऱ्या गाडीला जोडायच्या भागावरचा) भार घटून ट्रेलर डोलू लागतो. महामार्ग नको, जवळचा डंप स्टेशनच (टाकी रिकामी करायची जागा) बरा.

डंप स्टेशनवर होजच्या तोंडाशी पारदर्शक एल्बो (वळणाचा जोड) लावा. तो नसेल तर काय बाहेर येतंय हे कळायला मार्गच नाही. आधी ब्लॅक, मग ग्रे (सिंक-शॉवरच्या सांडपाण्याची टाकी), म्हणजे साबणाच्या पाण्याने होज धुऊन निघतो. पिण्याच्या पाण्याचा होज या कामाला कधीही वापरू नका. धुण्याचा होज वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या डब्यात. हातमोजे वापरून टाकायचे.

खारेपाणी
वरच्याशी सहमत. तुमच्या फ्लश नळजोडाबद्दल सांगतो, कारण यातच सगळ्यात महागडे घोटाळे होतात. या जोडातून टाकीच्या आतल्या फवाऱ्याला पाणी जातं. नळ मिनिटाला ३ ते ४ गॅलन देत असेल तर ३० गॅलनची रिकामी टाकी ८-१० मिनिटांत भरते. व्हॉल्व्ह बंद ठेवून तुम्ही इकडेतिकडे गेलात तर पाणी टॉयलेटमधून घरात येतं किंवा छतावरच्या व्हेंटमधून (टाकीतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) वाहतं. टाकी फुटूही शकते. म्हणून पहिल्यांदा व्हॉल्व्ह उघडा ठेवूनच धुवा. भरून धुवायचं असेल तर टायमर लावा आणि जागचे हलू नका.

बर्फाचं म्हणाल तर तो तरंगतो आणि विरघळतो, तळ घासत नाही. फायदा झालाच तर वितळलेल्या पाण्याचा. ब्लीच मात्र खरंच टाळा. लघवीतल्या अमोनियाशी क्लोरीनची गाठ पडली की क्लोरामाइनचा विषारी वायू तयार होतो, आणि तोही त्या छोट्या बंद बाथरूममध्ये. शिवाय रबरी सील खराब होतात आणि ज्या जिवाणूंकडून काम करून घ्यायचं तेच मरतात. फॉर्माल्डिहाइडवाली जुनी औषधंही नकोत. कॅम्पग्राउंडची सेप्टिक टाकी जिवाणूंवरच चालते.

सेन्सरवर फार विसंबू नका. टाकीच्या भिंतीत वेगवेगळ्या उंचीवर धातूचे स्क्रू असतात, पाण्यातून वीज गेली की पातळी कळते. त्यांवर ओल्या कागदाचा आणि चिकट थराचा लेप बसला की रिकाम्या टाकीतही वीज वाहते आणि दिवा लागतो. गाळ निघाल्यावर पाणी आणि थोडा भांड्यांचा साबण घालून टाकी काठोकाठ नाही, पण वरच्या स्क्रूच्या वर जाईल इतकी भरा. रात्रभर ठेवून सोडलं की बरेचदा सेन्सर सुधारतात. नाहीच सुधारले तर टाकीच्या बाहेरून चिकटवायच्या पट्ट्यांचे सेन्सर मिळतात, त्यांना मैला लागतच नाही.

सुईदोरा
वासाबद्दल. फ्लश करताना एक्झॉस्ट फॅन चालू असतो का? असेल तर आधी बंद करा. फॅन बाथरूममधली हवा ओढतो, बाउल उघडला की तिची जागा टाकीतली हवा घेते. एरवीही वास येत असेल तर बाउलमध्ये थोडं पाणी ठेवून दोन-तीन तासांनी बघा. पाणी नाहीसं झालं असेल तर बाउलखालचं सील गळतंय. आधी खाचेतला कागद आणि कचरा जुन्या टूथब्रशने काढा, मग सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं. तरी गळालं तर सील बदला. टॉयलेटच्या मॉडेलनुसारच घ्या, वेगवेगळी मापं असतात. पाणी टिकत असूनही वास असेल तर छतावरच्या व्हेंटच्या तोंडात पक्ष्याचं घरटं नाही ना ते बघा.

आणि एक. सिंकखालून येणारा वास पुष्कळदा ग्रे टँकचा असतो. फोडणीचं तेल आणि भाताची पेज तिथे साठून कुजते. कढई कागदाने पुसून मगच धुवा.

जेट अवश्य लावा. कागद कमी आणि पाणी जास्त, टाकीला हवं तेच. फक्त टाकी लवकर भरेल. वापर झाला की टी-व्हॉल्व्ह (जेटला पाणी देणारी झडप) बंद करत जा, नाहीतर सतत दाबाने नळी किंवा जोड गळतो आणि ट्रेलरची लाकडी जमीन सडते.

माळरान
खूप आभार. टॉर्चने पाहिलं, पिरॅमिडच आहे, भिजत घातलाय. पुढे नेहमी काय पाळायचं? आणि हिवाळ्यात टाकीचं काय?

वाटाड्या
हुकअपवर असलात तरी ब्लॅकचा व्हॉल्व्ह बंदच. दोन तृतीयांश भरल्यावर उघडा, मग पाण्याच्या वजनाने मैला ओढला जातो. प्रत्येक डंपनंतर लगेच ३ ते ५ गॅलन पाणी आणि ट्रीटमेंट घाला, तळ कधी कोरडा पडता कामा नये. टॉयलेट पेपरचा तुकडा पाण्याच्या बरणीत टाकून हलवा. चटकन विरघळला तर वापरा, नाहीतर नको. ओले वाइप्स कधीच नाहीत, पाकिटावर काहीही लिहिलेलं असो.

खारेपाणी
हिवाळ्याआधी दोन्ही टाक्या पूर्ण रिकाम्या करून धुवा. मग गुलाबी आरव्ही अँटीफ्रीझ, म्हणजे प्रॉपिलीन ग्लायकॉलवालं, लिटरभर टाकीत सोडा आणि कपभर बाउलमध्ये राहू द्या, त्याने सील ओलं राहतं. गाडीच्या रेडिएटरचं चालत नाही, ते विषारी असतं. व्हॉल्व्हची दांडी आतबाहेर करून सिलिकॉन ग्रीस लावा.

बहुतेक जण फ्लशची नळी विसरतात. तिच्या वाटेत भिंतीआड व्हॅक्यूम ब्रेकर (टाकीतलं पाणी उलटं येऊ न देणारा भाग) असतो. त्यात पाणी राहून गोठलं की तो तडकतो आणि वसंतात पहिल्यांदा होज जोडल्यावर भिंतीतून पाणी येतं. डंप व्हॉल्व्ह उघडा ठेवून त्या जोडातून ३०-४० पीएसआय दाबाने हवा मारा, थेंब थांबेपर्यंत.