तान्ह्या पोळ्याच्या लाकडी नंदीचा रंग सुटतोय, मदत हवी आहे

तान्ह्या पोळ्याला (पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी) पोरं ओढत मिरवतात तो नंदी सागवानी, दीड फूट उंच, जुना. खुरांजवळ आणि शिंगांच्या बुडाशी ऑइल पेंटचे पोपडे निघताहेत. 80 नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, मग 120 ने गुळगुळीत करून वॉटर बेस प्रायमर आणि दोन हात अ‍ॅक्रेलिक दिला. पाठीवर छान बसला, पायांवर मात्र चार दिवसांत नखाने सोलला जातो. खाली तेलकट थर राहिला, की पावसाळ्यात लाकडाने ओल धरली? पूर्ण खरवडायचं, की ऑइल प्रायमर मारून भागेल?

जुन्या रंगात शिसं असू शकतं (शिशावर 90 पीपीएमची, म्हणजे दहा लाखांत 90 भागांची, मर्यादा 2017 पासूनची), म्हणून घासणं ओलं करूनच, पोरं घरात नसताना. पोरगं शिंग तोंडात घालणारच, तेव्हा वरून कोणता वॉर्निश चालेल?

दुसरं, चाकाचं भोक 8 मिमीच्या आसासाठी होतं, झिजून 11 चं लांबट झालंय. फेविकॉल-भुसा भरला तर ओढताना निघतो. पितळी बुश (भोकात बसवायची छोटी नळी) ठोकावा म्हणतो. नागपुरात इतवारीत की महालात मिळेल? श्रावण अमावस्येच्या आत रंग वाळायला हवा, जरा लवकर सांगा.