बाबांच्या कमरेची नस जाळून घ्यायची का?

देवगडची_लेक: नमस्कार मंडळी, बाबा ६३ चे आहेत, आंब्याची कलमं आहेत आमची, दोन वर्षं झाली कमर धरलीय. कळ पायात जात नाही, कमरेतच राहते. एमआरआयमध्ये मणक्यात गॅप आलाय. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी आरएफ सांगितलंय म्हणजे सुई गरम करून सांध्याची नस जाळायची. बाबा म्हणतात हंगामाआधी करून टाकू म्हणजे पेट्या उचलता येतील. खरंच गुण येतो का?

गुहागरकर: ताई माझ्या आईचं केलंय. आधी त्या नसेला नुसती भूल देऊन बघितली, तेव्हा दुखणं थांबलं म्हणून मग जाळली. सात महिने छान गेले, पाखाडी चढून देवळात जायची, मग परत सुरू झालं, नस पुन्हा वाढते ना. बाबांची भुलीची चाचणी झाली का?

फिजिओ_चिपळूण: साठीनंतर न दुखणाऱ्यांच्या एमआरआयतही गॅप दिसतो, त्याला घाबरू नका. नेदरलँड्समध्ये ६८१ जणांवर चाचण्या झाल्या, २०१७ ला छापून आल्या, सगळ्यांना व्यायाम आणि काहींना सोबत आरएफ, तीन महिन्यांनी सांगण्यासारखा फरक नाही. २०२५ ला बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात तज्ज्ञांनी तर जुनाट कंबरदुखीला हे करूच नका असं ठाम लिहिलंय. ब्रिटनमध्ये कुठला उपचार कधी करावा ते सांगणारी नाइस संस्था म्हणते विचार करा, पण बाकी उपाय करून झाले, दुखणं १० पैकी ५ किंवा जास्त आणि भुलीने आराम पडला तरच. मी आधी तीन महिने नेटाने व्यायाम करून घेईन.

मालवणी_माणूस: एक लक्षात ठेवा, लघवी अडकली, बसायची जागा बधिर झाली किंवा पायातली ताकद गेली तर कोणाला विचारत बसू नका, तडक हॉस्पिटल.

देवगडची_लेक: नाही हो असलं काही नाहीये. पण चाचणी झालीच नाही, थेट तारीख दिलीय! उद्याच फोन करून विचारते. आणि बाबा म्हणतात दिवसभर बागेत फिरतो तोच माझा व्यायाम, काय सांगू त्यांना?

फिजिओ_चिपळूण: चालतायत ते चांगलंच आहे, ते बंद करू नका. फक्त कमरेची आणि पोटाची ताकद वाढवायचे व्यायाम रोज वीस मिनिटं वेगळे हवेत, जवळच्या फिजिओकडून एकदा शिकून घ्या. आणि यंदा पेट्या गड्यांना उचलू देत, बाबांनी भरायला बसावं, तेही मध्येमध्ये उठून.