सारसाच्या फोटोसाठी ६०० मिमी लेन्स हवीच का, की ४००वर भागते?

पांदण : कॅमेरा कॅनन आर १०, सोबत १८-१५० मिमी लेन्स (मिमी जितके जास्त, तितकं दूरचं मोठं दिसतं). गोंदियाकडचे सारस, बोडीवरची (छोट्या तळ्यावरची) बदकं, कधीमधी उमरेड-कऱ्हांडल्याची सफारी. बजेटात दोनच बसतात : नवी कॅनन आरएफ १००-४०० (एफ ५.६-८; एफचा आकडा मोठा, तर उजेड कमी), नाहीतर वापरलेली सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी, अडॅप्टर (लेन्स-कॅमेऱ्यामधलं जोडकडं) लावून. फिरणं मोटारसायकलवर. कालचा सारस खाली टाकला आहे : १५० मिमी, शटर १/२५० सेकंद, बराच क्रॉप (कडा कापलेला).

झाडीपट्टीकर : डोळे मिटून ६००. पक्ष्यांच्या मागे लागलेल्या माणसाले मिमी कधी पुरत नाही. ४०० घेणारा वर्षभरात ती विकायले काढते.

टिटवी : हिशेब करून बोला ना भाऊ. १.६ मीटर उंचीचा सारस ८० मीटरवर उभा असेल, तर ४०० मिमीने सेन्सरवर (कॅमेऱ्यातल्या चित्र टिपणाऱ्या चिपवर) त्याची प्रतिमा ८ मिमीची पडते. आर १०च्या सेन्सरची उंची १४.९ मिमी. म्हणजे अर्ध्याहून जास्त फ्रेम भरली. ६००ने तीच १२ मिमी होते. जोडी नाचायला लागली, पंख पसरले की टोकं कापलीच. शिवाय सारस एकटा क्वचित, बाजूला जोडीदार असतोच.

झाडीपट्टीकर : सारसाचं मान्य, ताई. पण बोडीवरच्या छोट्या खंड्याचं काय? १६ सेंटिमीटरचा जीव, १५ मीटरवरून ४००ने जेमतेम ४.३ मिमी. ६००ने ६.४, म्हणजे क्षेत्रफळात सव्वादोन पट पिक्सेल. वरून ४००वर तुमची कॅनन एफ ८. सिग्माच्या ६.३पेक्षा दोन तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे निम्मा-दुप्पट) उजेड कमी. सकाळी जिथं ३२०० आयएसओवर (उजेडाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो दाणेदार) काम होते, तिथं ५००० लावा. सफारीत सागाखाली वाघ बसला असला तर हाच फरक दिसतो.

वऱ्हाडी एफस्टॉप : दोघंही लेन्स मोजून राहिले, हवा कोणी मोजत नाही. धान कापल्यावर बांधी (धानाचं शेत) उघडी पडते, नऊ-साडेनऊनंतर जमीन तापली की झळा उठतात. ८० मीटरच्या झळेतून ६०० लावा नाहीतर ८००, पीस मेणासारखंच दिसणार. ओळखायचं कसं : स्थिर पक्ष्याच्या दहा फ्रेम लागोपाठ काढा. दर फ्रेमला वेगळाच भाग मऊ येत असेल तर दोष हवेचा. सगळ्या सारख्याच मऊ आल्या तर फोकस तपासा. थंडीत गाडीच्या खिडकीतून काढता तेव्हाही हेच होते, आतली गरम हवा भिंगासमोरून बाहेर पडते. काचा दहा मिनिटं आधी खाली करून ठेवा.

टिटवी : अगदी. आणि वजन? सिग्मा १९३० ग्रॅम, अडॅप्टर ११०, बॉडी धरून अडीच किलोच्या घरात. आरएफ १००-४०० फक्त ६३५. मोटारसायकलवर अडीच किलो गळ्यात लटकवून पांदण रस्त्यानं गेलात तर सगळा हिसका माउंटवर, म्हणजे लेन्स-कॅमेऱ्याच्या जोडावर. पट्टा लेन्सच्या पायाला अडकवायचा, आणि खड्ड्यांच्या रस्त्यावर लेन्स काढून फोममध्ये. आता हे दरवेळी कोण करतं?

झाडीपट्टीकर : ज्याले फोटो पाहिजे तो करते. ट्रायपॉडही लागत नाही. जाड कापडाची पिशवी शिवा, त्यात दोन किलो कणी, पण दोन तृतीयांशच भरा. गच्च भरली की लेन्स बसत नाही, घरंगळते. जिप्सीच्या कठड्यावर नाहीतर धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) ठेवा. गाडीचं इंजिन मात्र बंद करायले सांगा.

वऱ्हाडी एफस्टॉप : वापरलेली घ्यायची असेल तर दोन्ही झाकणं काढून मागून टॉर्च तिरपा मारा. कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेषा दिसल्या तर परत करा, ती बुरशी आहे. ६००वर दूरचा विजेचा खांब आणि ३ मीटरवरचं पान, दोन्हीवर फोकस पाहा. लेन्सचं फर्मवेअर (आतलं सॉफ्टवेअर) जुनं असलं तर अडॅप्टरवर फोकस मागं-पुढं डोलते. ते सिग्माच्या यूएसबी डॉकनं बदलता येते, डॉक वेगळा घ्यावा लागते.

आन भंडारा-गोंदियाची पावसाळी हवा लक्षात घ्या. हवाबंद डबा, २०० ग्रॅम निळी सिलिका जेल, आत आर्द्रता ४०-५० टक्के. जेल गुलाबी झाली की जुन्या कढईत मंद आचेवर निळी होईपर्यंत तापवा. खायच्या कढईत नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्ट असते.

पांदण : म्हणजे बोडी आणि सफारीला सिग्मा, सारसाला कॅनन. मग पहिली कोणती?

टिटवी : मोटारसायकल असेल तर १००-४००. ४००वर एक मीटरच्या आसपास फोकस होतो आणि ०.४१ पट मोठं दिसतं, म्हणजे धानावरचे चतुर आणि फुलपाखरं फुकटात. हूड (भिंगापुढची उन्हाची टोपी) सोबत येत नाही आणि पाण्यापासून बचावाचं सीलही नाही. दव पडत असेल तर प्लास्टिकची पिशवी चढवा.

झाडीपट्टीकर : चतुरांसाठी कोणी टेली (दूरचं टिपणारी लेन्स) घेते काय, राजेहो! माझं मत ६००च.

टिटवी : घ्या बापा. पांदण, लेन्स येईपर्यंत कालच्या फोटोचं बघा. पायाजवळचं गवत टोकदार, डोकं मऊ. फोकस गवतावर गेला. कॅमेऱ्याच्या फोकस सेटिंगमध्ये विषय 'प्राणी' ठेवा, डोळ्याचा शोध चालू करा. उभा सारस टिपतानाही मान सतत हलते, १/२५० पुरत नाही, निदान १/८०० ठेवा, उडतानाला १/१६००. आणि पावसाळ्यात बांधीतलं घरटं दिसलं तर कोणतीही लेन्स असो, पुढं जायचं नाही. अंड्यावरचा पक्षी उठून मान ताणून ओरडू लागला, तर तिथूनच मागं फिरा. कावळे टपलेलेच असतात.

पांदण : धुऱ्यावरूनच काढला होता, ताई. १/८०० लावून उद्या सकाळी परत टाकतो.